हक्काची तीन कॉलेजं

बाबा : थांब, थांब. एकूण नऊ कॉलेजं. यातल्या वरच्या तिन्हींवर तू किती दिवस घालवलेस?

भिंगरी : दोन महिने.

बाबा : आणि मधल्या तिन्हींवर?

भिंगरी : दोन आठवडे असतील.

बाबा : आणि ही तळाची तीन? हक्काची?

भिंगरी : बाबा, ती हक्काचीच आहेत. तिथे मला मिळणारच. मागच्या वर्षी शेवटच्या पोराला किती मार्कांवर घेतलं ते बघितलं, माझ्यापेक्षा पंधरा टक्क्यांनी खाली. बघितलं आणि लिहून टाकलं.

बाबा : किती वेळ लागला?

भिंगरी : पाच मिनिटं. बरं, चार.

बाबा : चार! चप्पल घ्यायला तुला तीन दुकानं लागतात.

भिंगरी : चप्पल मी घालणार असते. इथे मी जाणारच नाहीये.

बाबा : मागच्या वर्षीही अशीच ऐट होती. तेव्हा तर तळाला नावंच नव्हती. तीन मोठी कॉलेजं, तिघांची तीन पत्रं, तिन्हींत ‘खेद वाटतो’. आणि तू वर्षभर घरी बसलीस.

भिंगरी : बसले नाही. चष्म्याच्या दुकानात काचा घासल्या. शेजारच्या चार पोरांचं गणित घेतलं. शिवाय तुमच्याबरोबर गावभरच्या लिफ्टमध्ये वजनकाटा घेऊन फिरले.

बाबा : बरं, बसली नाहीस. पण रडलीस.

भिंगरी : एकदाच.

बाबा : आपल्या दोन खोल्यांमधली भिंत प्लायवूडची आहे, भिंगरे. मी मोजलंय.

भिंगरी : म्हणून तर यंदा तीन हक्काची टाकलीयत ना! आईने काय सांगितलंय ते मला पाठ आहे. यंदा फिजिक्सला कुठेही लागला नाही नंबर, तर फिजिक्सचं नाव घरात काढायचं नाही आणि ती बस चालवते त्या डेपोच्या ऑफिसात टायपिंगला जायचं. मंगळवारी अर्जाची मुदत संपते. आज शनिवार. मला वरच्या तिन्हींचे निबंध अजून घासूनपुसून घ्यायचेत. तुम्ही ह्या तळाच्या तिन्हींत माझा वेळ घालवू नका.

बाबा : एक सांग. लिफ्टचा दोर तुटतो का?

भिंगरी : आलं! मला माहीतच होतं लिफ्ट येणार.

बाबा : लिफ्टवाल्याच्या घरी लिफ्ट नाही येणार तर काय विमान येईल? तुटतो का?

भिंगरी : नाही तुटत. चार-पाच दोर असतात, एकाचीही ताकद पुरेशी असते.

बाबा : सव्वीस वर्षांत माझ्यासमोर एकदाही तुटला नाही. तरी डब्याच्या खाली सेफ्टी असतेच. दोर गेला, डबा वेगाने खाली निघाला, की दोन्ही बाजूंच्या रुळांना दात लावून धरणारी. ती आहे का, एवढं बघून मी सही करतो का?

भिंगरी : नाही. दरवर्षी डब्यात वाळूची पोती भरता, डबा खाली सोडता, आणि मुद्दाम सेफ्टी लावून बघता.

बाबा : का?

भिंगरी : कारण न तपासलेली सेफ्टी म्हणजे भिंतीवरचा फोटो. बाबा, हे वाक्य मी तिसरीत असल्यापासून ऐकतेय.

बाबा : मग पाठ झालं, डोक्यात शिरलं नाही. वरच्या तिन्हींपैकी कुठेही गेलीस तरी तुझं बरंच होणार. तिथे चूक झाली तर निस्तरता येईल. पण वरचं सगळं तुटलं, तर तू ज्याच्यावर पडणार आहेस ते तू चार मिनिटांत ठरवलंस. पहिलं नाव वाच.

भिंगरी : नदीकाठचं कॉलेज.

बाबा : तिथल्या लिफ्टची देखभाल माझ्याकडे आहे.

भिंगरी : तुमच्याकडे? मग बोलला का नाहीत?

बाबा : तू दाखवलीस कुठे यादी! आज पहिल्यांदा हातात आली. फिजिक्स चौथ्या मजल्यावर. बरोबर?

भिंगरी : असेल.

बाबा : असेल नाही, आहे. लिफ्टच्या पेटीत कुठल्या मजल्यावर किती वेळा थांबली त्याची नोंद राहते. मागच्या तीन महिन्यांत चौथ्या मजल्यावर अकरा वेळा. अकरा! त्यातल्या नऊ वेळा मी होतो.

भिंगरी : लोक जिन्याने जात असतील.

बाबा : चार मजले? जिन्याने? कॉलेजातली पोरं? पहिल्या मजल्यावरच्या कॅन्टीनला जायला ती लिफ्टची वाट बघत उभी राहतात. चौथ्या मजल्यावर कुलूप आहे. मी दाराच्या काचेतून आत डोकावलो तर टेबलांवर इतकी धूळ, की बोटाने नाव लिहावं.

भिंगरी : पण त्यांच्या माहितीपत्रकात लेझरचा फोटो आहे.

बाबा : फोटो भिंतीवर असो नाहीतर पत्रकात. दुसरं?

भिंगरी : बायपासवरचं, नव्या इमारतीचं.

बाबा : फोन लाव.

भिंगरी : आत्ता? शनिवारी?

बाबा : घरबसल्या उंटावरून शेळ्या हाकू नकोस. लाव.

भिंगरी : हॅलो, नमस्कार, मला फिजिक्सला प्रवेशाबद्दल विचारायचं होतं… हो, मार्क आहेत… मिळेल ना? नक्की? थँक्यू… अं, अजून एक. तिसऱ्या वर्षाला फिजिक्सला किती जण आहेत?… म्हणजे?… पण पत्रकात तर… पहिल्या वर्षापुरतंच? आणि मग?… सगळ्यांना कॉम्प्युटरला घालता?… नाही, नाही, कॉम्प्युटर वाईट नाही हो. ठेवते.

बाबा : काय म्हणाले?

भिंगरी : तुमचा चेहरा आधी सरळ करा.

बाबा : सरळच आहे. जन्मापासून असाच आहे.

भिंगरी : प्रवेश नक्की देतात. फिजिक्स देत नाहीत. दुसऱ्या वर्षापासून विषयच बंद केलाय. बाबा, मी कॉलेज मिळेल का एवढंच बघितलं. कॉलेजात फिजिक्स मिळेल का, ते बघितलंच नाही.

बाबा : आता कशी बोललीस.

भिंगरी : माझं एक वर्ष गेलंय. दुसरंही जाणार होतं, तेही हक्काने.

बाबा : गेलं नाही ना? मग गळा काढू नकोस. तिसरं नाव काय?

भिंगरी : जुन्या पाण्याच्या टाकीजवळचं. त्यांच्या पत्रकात फोटोच नाहीत. चार कागद आणि एक फोन नंबर, तो कोणी उचलत नाही. तेही गेलंच समजा.

बाबा : नावडतीचं मीठ अळणी. ऊठ, व्हॅन काढतो. जाऊन बघू.

भिंगरी : आणि निबंध?

बाबा : व्हॅनमध्ये घासूनपुसून घे. काटा पण घे.

भिंगरी : वजनकाटा? कशाला?

बाबा : सवयीने.

०००

(टाकीजवळच्या कॉलेजची प्रयोगशाळा, तिसरा मजला. दार उघडं. दाराबाहेर खिळ्याला किल्ली अडकवलेली. आत एक बाई टेबलाखाली गुडघ्यांवर बसल्या आहेत, फक्त पाय दिसतात.)

बाबा : बासष्ट पायऱ्या. लिफ्ट नाही. धंद्याला वाव आहे इथे.

भिंगरी : बाबा, हळू! कोणीतरी आहे.

बाई : कोण आहे ते मला विचारा, मी टेबलाखाली आहे. तिकडची बॅटरी द्या जरा. तिकडची. स्क्रू पडलाय.

भिंगरी : ही घ्या. नमस्कार, मी प्रवेशासाठी…

बाई : सापडला. हं, नमस्कार. मी इथे फिजिक्स शिकवते. हे कोण?

बाबा : मी हिचा बाप. लिफ्टची कामं करतो. बाई, ही किल्ली अशी बाहेर कशी?

बाई : आत ठेवली तर दार कसं उघडणार?

बाबा : तसं नव्हे. चोरीबिरी?

बाई : वीस वर्षांत एक घड्याळ गेलं. ते मीच घरी नेलं होतं. पोरांना कधीही यावंसं वाटलं तर मला शोधत फिरायला लागू नये. कुलूप लावून ठेवलेलं उपकरण आणि नसलेलं उपकरण यांत फरक काय? बस गं. कशासाठी प्रवेश?

भिंगरी : फिजिक्स. पूर्ण तीन वर्षं आहे ना इथे? दुसऱ्या वर्षापासून बंद वगैरे नाही ना?

बाई : पोळलेली दिसतेस. आहे, पूर्ण आहे. आमचं नाव यादीत कितवं आहे?

भिंगरी : अं… मधे कुठेतरी.

बाबा : शेवटून पहिलं.

भिंगरी : बाबा!

बाई : असू दे. बहुतेकांचं तसंच असतं, पण बघायला कोणी येत नाही. तुम्ही दोघं आलात, तेही शनिवारी, बासष्ट पायऱ्या मोजत. मग मी पण तुला बघून घेते. सोपा प्रश्न. लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभी आहेस. लिफ्ट वर जाते. काटा काय दाखवेल?

बाबा : अरे देवा.

बाई : का हो? काय झालं?

बाबा : काही नाही. मी गप्प बसतो. मला गप्प बसायला फार कष्ट पडतात, तेवढंच.

भिंगरी : बाई, कुठल्या क्षणी?

बाई : म्हणजे?

भिंगरी : मोठ्या दवाखान्याची अठरा मजल्यांची लिफ्ट. मी अठ्ठेचाळीस किलो. सुटताना दीड-दोन सेकंद बावन्न. मग मधले सगळे मजले अठ्ठेचाळीसच, वर जात असले तरी. थांबताना चव्वेचाळीस. पुस्तकात तेवढंच असतं. पण जुन्या लिफ्टमध्ये सुटताना काटा आधी छप्पनला जातो आणि मग थरथरत खाली येतो. तिथे नुसता वेग वाढत नाही, धक्का बसतो.

बाई : हे तू मोजलंस?

भिंगरी : एकतीस लिफ्टमध्ये. वहीत आहे.

बाई : आणि लिफ्ट पडली तर?

भिंगरी : पडत नाही. सेफ्टी धरते.

बाई : मग सेफ्टी धरताना काटा काय दाखवेल, ते सांग.

भिंगरी : त्या वेळी डब्यात कोणी बसत नाही. म्हणून मी काट्यावर चाळीस किलोचं वाळूचं पोतं ठेवलं आणि समोर मोबाइल चालू करून ठेवला. काट्याने एकसष्ट दाखवलं.

बाई : बरोबर आहे ते?

भिंगरी : नाही. मला आधी वाटलं बरोबर आहे, आनंदाने उड्या मारल्या. मग शंका आली. सगळं सेकंदाच्या दहाव्या भागात संपतं. काट्याची सुई तेवढ्यात पोचतच नाही. ती अर्ध्या वाटेवर असताना खेळ खलास.

बाई : मग काय केलंस?

भिंगरी : काट्याला विचारायचं सोडलं आणि रुळाला विचारलं. सेफ्टी धरते तेव्हा रुळावर ओरखडे उठतात. ते मोजले. साडेपाच सेंटीमीटर. डब्याचा वेग सेकंदाला एक मीटर. म्हणजे थांबताना गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ बरोबरीचा जोर. पोतं एकसष्ट नाही, सत्त्याहत्तर दिसायला हवं होतं.

बाई : हे कोणी शिकवलं?

भिंगरी : कोणी नाही. मागच्या वर्षी मला कुठेच घेतलं नाही ना, वेळ होता.

बाई : अहो, तुम्ही आता बोलला तरी चालेल.

बाबा : काय बोलू? ते ओरखडे घासून काढायचे म्हणून मी कानस घेऊन उभा, आणि ही मला म्हणते, थांबा, फुटपट्टी आणते. खालची माणसं ओरडतायत, लिफ्ट कधी चालू होणार? मी सांगितलं, मोजमाप चालू आहे. कोणाचं ते विचारू नका.

बाई : माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरांना, उपकरण खोटंही बोलू शकतं, एवढं पटवून द्यायला मला दिवाळी येईपर्यंत बोलावं लागतं. ही ते घरून घेऊन आली. आता माझं ऐक. आमच्याकडे काय नाही ते आधी सांगते. लिफ्ट नाही, ते यांनी सांगितलंच. फोन उचलायला माणूस नाही. लेझर दोन, त्यातला एक रुसलेला. तिसऱ्या वर्षाला मागच्या खेपेस चार विद्यार्थी होते.

भिंगरी : चारच?

बाई : चारच. तिघं आता संशोधनाकडे वळलेत, दोघं तर तुझ्या यादीत वर असतील अशा ठिकाणी. चौथी हॉटेल चालवते.

बाबा : अरेरे.

बाई : अरेरे कसलं? उत्तम चालवते. भट्टीच्या उष्णतेचं गणित तिच्याइतकं गावात कोणाला येत नाही.

बाबा : बाई, ही स्टुलं बघितली मी. सगळ्यांची पुढची कड झिजलीय.

बाई : जुनी आहेत हो.

बाबा : जुनं वेगळं आणि झिजलेलं वेगळं. सव्वीस वर्षं हेच बघतोय मी. माणूस मागे टेकून बसला तर मागची कड जाते. इथे पोरं पुढे वाकून बसतात. भिंगरे, माझी सही झाली.

भिंगरी : बाई, खरं सांगू? मी सकाळी म्हणाले होते, इथे मी जाणारच नाहीये.

बाई : आणि आता?

भिंगरी : आता वरच्या तिघांनी नाही म्हटलं, तर मी रडणार नाही.

बाई : तेवढं मला पुरे. ती वही ठेवून जा, सोमवारी देते. मला वाचायचीय.

०००

भिंगरी : बाबा, कुठे आहात?

बाबा : मंडईच्या इमारतीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत. हातभर ग्रीस आहे. पटकन बोल.

भिंगरी : आधी हातातलं खाली ठेवा.

बाबा : काय झालं? आई बरी आहे ना?

भिंगरी : आई बरी आहे, बस चालवतेय. पत्र आलं. मोठ्या कॉलेजचं. पहिल्या नंबरचं.

बाबा : थांब! थांब. आधी मेन स्विच पाडतो. हं. दोघंही थांबलो, मी आणि लिफ्ट. वाच.

भिंगरी : ‘आपणांस कळवण्यास…’

बाबा : पुढे! खेद की आनंद?

भिंगरी : आनंद! आनंद, बाबा! ‘आनंद वाटतो’ असं लिहिलंय! फिजिक्सला! पूर्ण फी माफ!

बाबा : परत वाच.

भिंगरी : ‘आपणांस कळवण्यास आनंद वाटतो…’ बाबा? बाबा, रडताय?

बाबा : ग्रीस गेलं डोळ्यात.

भिंगरी : दोन्ही डोळ्यांत?

बाबा : हातही दोनच आहेत ना. भिंगरे, त्यांच्या मुलाखतीत तू असं काय केलंस गं? घरी येऊन म्हणालीस, उत्तर आलं नाही, आणि मग जेवून चक्क झोपलीस.

भिंगरी : नव्हतंच आलं! त्यांनी विचारलं, ओलं कापड कोरड्यापेक्षा गडद का दिसतं? मागच्या वर्षी असाच एक प्रश्न आला होता, तेव्हा घाबरून पोपटासारखं काहीतरी बडबडले. यंदा म्हटलं, माहीत नाही. पण मला एक रुमाल आणि पाणी द्या, दहा मिनिटांत काहीतरी सांगते.

बाबा : आणि दिला?

भिंगरी : मधल्या सरांनी स्वतःचा दिला. मी अर्धा भिजवला. समोरून बघितलं तर ओला भाग गडद. मग उठले आणि खिडकीसमोर धरला, तर तोच भाग जास्त उजळ! म्हटलं, उजेड नाहीसा होत नाहीये, तो कापडाच्या आत शिरून पलीकडे जातोय, म्हणून आपल्याकडे कमी परततो. पुढचं मला येत नाही. तर तिघंही खिडकीशी आले. नंतर मला कोणी काही विचारेचना, आपसांतच भांडत बसले.

बाबा : ‘माहीत नाही’ म्हणायला भीती नाही वाटली?

भिंगरी : नाही ना! बाईंचं ‘ये’ असं पत्र पिशवीत होतं. हाताने लिहिलेलं. तुम्हीच म्हणता ना, खाली सेफ्टी ठणठणीत असली की माणूस अठराव्या मजल्यावर बिनघोर जातो. तसं झालं.

बाबा : आईला सांगितलंस?

भिंगरी : फाट्यावर बस थांबवून सांगितलं. तिने आधी मला मिठी मारली, मग भोंगा दाबला तो सोडेचना. आतल्या शाळेच्या चाळीस पोरांना कशाबद्दल ते माहीतच नाही, तरी सगळी टाळ्या वाजवत होती. आणि आई खिडकीतून ओरडून सांगत होती, ‘माझी मुलगी फिजिक्सवाली आहे!’

बाबा : टायपिंगचं काय?

भिंगरी : त्याचं नाव घरात काढायचं नाही म्हणाली.

बाबा : मी आलोच. येताना काहीतरी गोड घेतो.

भिंगरी : बाबा, घरी नको. व्हॅन टाकीकडे घ्या. मी तिथेच निघालेय. बाईंना मी तोंडाने सांगणार आहे.

०००

बाई : बासष्ट पायऱ्या पळत आलीस. म्हणजे एक तर कोणीतरी मागे लागलंय, नाहीतर कॉलेज मिळालं.

भिंगरी : मिळालं. पहिल्या नंबरचं.

बाई : शाब्बास! अगं, शाब्बास! इकडे ये. बघू तुझा चेहरा. अशी पडेल का दिसतेस? या हो, तुम्ही पण आत या, दारात कशाला?

बाबा : तिला तुमच्याशी बोलायचंय. मी दम खातोय.

भिंगरी : बाई, मी इथे येणार नाही म्हणून सांगायला आलेय. तुम्ही मला हाताने पत्र लिहिलंत. वही वाचून समासात सतरा शंका काढल्यात. आणि मी… मला वाईट वाटतंय.

बाई : वाईट? मूर्ख आहेस. हे बघ, दरवर्षी दोघं-तिघं माझं ‘ये’ खिशात घालून दुसरीकडे जातात. मी लिहितेच त्यासाठी. अर्धं काम तेच आहे माझं.

बाबा : बाई, एक बोलू? सेफ्टीचं नशीबच तसं असतं. चांगली असली की कधी लागत नाही. आणि न लागलेल्या गोष्टीचे आभार मानायला सव्वीस वर्षांत कोणी माझ्याकडे आलेलं नाही.

बाई : माझ्याकडेही नाही. ही पहिली. बस गं त्या स्टुलावर. आणि हे काय आणलंस?

भिंगरी : वजनकाटा. इथल्यासाठी. खोटारडा आहे, पण पहिल्या वर्षाच्या पोरांना दाखवायला बरा. सोबत ओरखड्यांचे फोटो आहेत. पोरं आधी काट्यावर विश्वास ठेवतील, मग तुम्ही हे फोटो बाहेर काढा.

बाई : जुलैत पहिल्याच तासाला लावते. नाव काय देऊ प्रयोगाला?

बाबा : ‘बाप आणि फुटपट्टी.’

बाई : उत्तम. तसंच लिहिते फळ्यावर.

भिंगरी : बाई, कॉलेज सुरू व्हायला अजून अडीच महिने आहेत. त्या ओल्या कापडाचं पुढचं मला अजून आलेलं नाही. तुमचा तो रुसलेला लेझर दुरुस्त करून बघितला, तर चालेल? मी कुठल्या दिवशी आले तर दार उघडं मिळेल?

बाई : दिवस कशाला विचारतेस? किल्ली कुठे असते?

भिंगरी : बाहेर, खिळ्यावर.